खालून वर येण्याचं गणित

आमच्या पारशिवनीला पाण्याचं नवल नाही. जवळून पेंच नदी जाते, नवेगाव खैरीचं धरण आहे आणि शेतागणिक विहीर आहे. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून मी पोहायला शिकलो तो विहिरीतच. समुद्र मात्र पाहिला थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मालवणच्या सहलीत. पाहिला म्हणजे काय, आत जाऊनच पाहिला! खिशाला चाट पडली, पण स्कूबा केलं.

पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी आणि हात धरायला एक प्रशिक्षक. सहासात मीटर खोल गेलो असू. रंगीत मासे, खडक, आणि कानात फक्त स्वतःच्या श्वासाचा घुर्र घुर्र आवाज. उतरण्याआधी प्रशिक्षकाने दोन नियम घोकून घेतले होते. श्वास कधीच रोखायचा नाही आणि वर येताना घाई करायची नाही. वर आल्यावर मी सवयीप्रमाणे विचारलं, का? पहिल्या नियमाचं उत्तर सोपं होतं. खाली दाबलेली हवा वर येताना फुगते, श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं. दुसऱ्याचं उत्तर देताना तो म्हणाला की एवढ्या कमी खोलीला तसा धोका नाही, पण जे उत्तरेच्या गार समुद्रात बुडालेल्या जहाजांवर चाळीस-चाळीस मीटर खाली जातात, त्यांचा जीव एका गणितावर चालतो. ते गणित हाल्डेनचं.

हाल्डेन हे नाव मी ऐकलं होतं. पण तो कोण, हे शोधता शोधता मी समुद्रातून कोळशाच्या खाणीत आणि खाणीतून आमच्याच शेतातल्या विहिरीत येऊन पोचेन असं वाटलं नव्हतं. म्हणून हा लेख.

बाप आणि लेक

आधी एक घोटाळा निस्तरतो. भारतात हाल्डेन म्हटलं की आठवतात ते जे. बी. एस. हाल्डेन. जनुकशास्त्रज्ञ. १९५७ मध्ये इंग्लंड सोडून ते कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मी सांगतोय ते त्यांच्या वडिलांबद्दल, जॉन स्कॉट हाल्डेन यांच्याबद्दल. लेकाच्या कीर्तीखाली बाप जरा झाकला गेला. आपल्याकडे सहसा उलटं होतं!

जॉन स्कॉट यांचा जन्म मे १८६० चा, स्कॉटलंडमध्ये एडिंबरोचा. घर खानदानी. भाऊ रिचर्ड पुढे ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. जॉन १८८४ मध्ये डॉक्टर झाले, पण दवाखाना काही थाटला नाही. त्यांना एकाच गोष्टीचं वेड लागलं, ते म्हणजे हवा. माणूस जी हवा आत घेतो तिच्यात नेमकं काय असतं आणि ती बिघडली की शरीराचं काय होतं?

डंडी शहरात गरिबांच्या एकखोली घरांतली हवा तपासायला ते बाटल्या घेऊन जायचे. अख्खं कुटुंब झोपलेलं असताना तिथली हवा कशी असते ते त्यांना मोजायचं होतं. नंतर गटारांची हवा तपासायला गटारात उतरले. पुढे ऑक्सफर्डला शिकवायला लागल्यावरही ही सवय सुटली नाही. जिथे हवा वाईट आहे असं कळायचं तिथे हा माणूस निघालाच.

गुलाबी चेहरे

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. ५७ कामगार गेले. स्फोट झाला म्हणजे माणसं स्फोटाने मेली, असंच सगळे धरून चालले होते. हाल्डेन तिथे गेले, त्यांनी मृतदेह तपासले, रक्ताचे नमुने पाहिले. बहुतेकांच्या अंगावर जीव जाण्यासारखी जखमच नव्हती. उलट चेहऱ्यांवर गुलाबी लाली होती, जणू आत्ता झोपलेत. ही माणसं स्फोटानंतर उरलेल्या विषारी वायूने मेली होती. कार्बन मोनॉक्साइड.

हा वायू मोठा लबाड आहे. रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. मग रक्त लालभडक दिसतं, पण ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामाचं राहत नाही.

हे सगळं हाल्डेन यांना इतकं नेमकं ठाऊक होतं, कारण त्यांनी ते स्वतःवर करून पाहिलं होतं. प्रयोगशाळेत बसून ते मोजूनमापून कार्बन मोनॉक्साइड हुंगत, मधूनमधून स्वतःचं रक्त काढून तपासत आणि आपल्याला काय होतंय ते लिहून ठेवत. रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन निकामी होईपर्यंत त्यांनी हे चालू ठेवलं होतं. तिथून थोडं पुढे गेले असते तर कथा तिथेच संपली असती.

यातूनच त्यांची प्रसिद्ध शिफारस आली. खाणीत उतरताना छोटा प्राणी किंवा पक्षी सोबत न्या. लहान जिवाचा श्वास जलद, त्यामुळे वायूचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या कितीतरी आधी दिसतो. पिंजऱ्यातली पिवळी कॅनरी ती हीच. ब्रिटनच्या खाणींत ती १९८६ पर्यंत होती, मग तिची जागा इलेक्ट्रॉनिक यंत्राने घेतली.

लायब्ररीत हे वाचत असताना मी पुस्तक मिटून ठेवलं. कारण तो गुलाबी चेहरा मी पाहिला होता.

मी सातवीत होतो. मे महिना. मामांच्या शेतातली विहीर तळाला गेली होती, गाळ काढायचा होता. उरलेलं पाणी उपसायला आत खालच्या टप्प्यावर डिझेल इंजिन उतरवलं होतं. सकाळी ते चालवून बंद केलं. मग मामांनी जुन्या माणसांच्या रीतीप्रमाणे दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडला. कंदील विझला तर हवा खराब, पेटता राहिला तर बरी. कंदील छान पेटता राहिला. मामांनी सालदाराला उतरायला सांगितलं. तो उतरला आणि पाचदहा मिनिटांत गाळात बसला तो बसलाच. मामा त्याच्यामागे गेले, अर्ध्यात त्यांचे पाय गेले. कमरेला दोर होता म्हणून लोकांनी ओढून काढलं. मामा वाचले. सालदार गेला. त्याचा चेहरा इतका लाल दिसत होता की लोक कितीतरी वेळ त्याला हलवून उठवत होते.

गावात बोललं गेलं की सातीआसरांनी ओढून नेलं. विहिरीच्या काठी हिरव्या बांगड्या, ओटी, सगळं झालं. शेजारी राहणारे एक काका कोळशाच्या खाणीत कामाला होते, ते तेवढे म्हणाले की हे इंजिनच्या धुराचं काम आहे. पण कंदील तर पेटत होता ना, असं म्हणून सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. मामा तेव्हापासून त्या विहिरीकडे फिरकले नाहीत. कंदील त्यांनी सोडला होता आणि उतर असं सांगितलंही त्यांनीच होतं.

हाल्डेन यांनी या कोड्याचं उत्तर शंभरहून जास्त वर्षांआधी देऊन ठेवलं होतं. ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साधारण १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत विझते. म्हणजे कंदील ऑक्सिजन कमी झाल्याचं सांगतो. पण माणूस मारायला कार्बन मोनॉक्साइड इतका थोडा लागतो की ज्योतीला त्याचा पत्ताही लागत नाही. मामांनी चाचणी केली होती, पण ती वेगळ्याच रोगाची होती.

असो. पुन्हा हाल्डेनकडे वळू या, कारण आता ते समुद्रात उतरणार आहेत.

बकऱ्या, गोटी सोडा आणि दोनास एक

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलापुढे प्रश्न होता की पाणबुडे खोलवर का टिकत नाहीत? तेव्हा स्कूबा नव्हतं. तांब्याचं गोल शिरस्त्राण, रबरी कापडाचा पोशाख, शिशाचे बूट, आणि वर होडीत माणसं हाताने पंप मारून नळीतून हवा पाठवणार. खोल गेलेले पाणबुडे धापा टाकत, गळून जात. लोक म्हणत, पाण्याच्या दाबाने होत असेल. हाल्डेन यांनी शिरस्त्राणातल्या हवेचा नमुना घेतला. तिथे पाणबुड्याचाच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साठत होता. ४० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या पाचपट, त्यामुळे पंपाने आत ढकललेली हवा खाली पोचेपर्यंत पाचवा हिस्सा जागा घेते. म्हणजे खोली वाढली की पंपाचं कामही त्याच पटीत वाढायला हवं! बॉईलचा नियम आपण अकरावीत पाठ करतो. तो नळीच्या टोकाशी असलेल्या माणसाला लावून पाहायचं काम हाल्डेननी केलं.

दुसरा प्रश्न जास्त भयंकर होता. पाणबुडे खालून धडधाकट वर यायचे आणि वर आल्यावर सांधे धरून कळवळायचे, काही लुळे पडायचे, काही मरायचे. सिव्हिलवाल्यांना हा रोग माहीत असायला हवा. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायासाठी नदीच्या तळाशी दाबाखालच्या हवेत काम करणाऱ्यांना तो झाला आणि त्या पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही त्यानेच अंथरुणाला खिळला. कारण फ्रान्सच्या पॉल बेर यांनी १८७८ मध्येच सांगितलं होतं. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात आणि मांसात विरघळतो. दाब झटकन कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. आपल्या जत्रेतला गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलली की फस्स! तेच रक्तात.

कारण कळलं, पण उपाय? नौदल म्हणे, सावकाश वर या. किती सावकाश ते कुणाला सांगता येत नव्हतं. हाल्डेन यांनी जुन्या नोंदी चाळल्या आणि एक साधी गोष्ट हेरली. दहाबारा मीटरवरून कितीही वेळाने थेट वर आलेल्याला काही होत नाही. तिथे दाब दोनाच्या आसपास, वर एक. मग त्यांनी तर्क केला की दाब दोनाचा एक झाला तर शरीर सोसतं. मग चाराचा दोन, सहाचा तीन हेही सोसायला हवं. महत्त्वाची वजाबाकी नाही, गुणोत्तर आहे.

यातून सगळी पद्धतच उलटली. ३० मीटरवर दाब चार. तिथून पटकन १० मीटरपर्यंत या, दाब दोन. तिथे थांबा, नायट्रोजन श्वासावाटे जाऊ द्या. मग थोडं वर, पुन्हा थांबा. शेवटचे थांबे सगळ्यात लांब. जुन्या रीतीने एकसारखं सावकाश येण्यात सुरुवातीचा वेळ वाया जायचा, कारण खोलवर असेपर्यंत काही अवयवांत नायट्रोजन भरतच राहतो. आणि शेवटी, जिथे खरा धोका, तिथे घाई व्हायची.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास बात. शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने भरत नाहीत. हाल्डेन यांनी पाच गट कल्पिले, अर्धे भरायला ५, १०, २०, ४० आणि ७५ मिनिटं घेणारे. म्हणजे पाच वेगवेगळ्या टाइम कॉन्स्टंटचे पाच कपॅसिटर! चार्ज होतानाचा आणि डिस्चार्ज होतानाचा तोच वक्र. हे सगळं कागद-पेन्सिलीवर.

गणित तपासायला लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये लोखंडी दाबकोठी होती. तिच्यात बकऱ्या ठेवल्या. आता बकरी का? तर आकाराने माणसाच्या त्यातल्या त्यात जवळ, मिळायला सोपी आणि पाय दुखला की ती तो उचलून धरते, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं. आमच्याकडच्या बकऱ्या पाहून मला कधी विज्ञान सुचलं नव्हतं!

पण बकरी म्हणजे माणूस नव्हे. ऑगस्ट १९०६ मध्ये सगळी मंडळी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला, ब्यूट बेटाजवळच्या गार पाण्यात स्पँकर नावाच्या नौदलाच्या जहाजावर गेली. लेफ्टनंट डॅमंट आणि कॅटो हे दोघे पाणबुडे टप्प्याटप्प्याने २१० फुटांपर्यंत गेले आणि हाल्डेनच्या तक्त्याप्रमाणे थांबत थांबत सुखरूप वर आले. याच सहलीत हाल्डेन यांनी स्वतःच्या १३ वर्षांच्या पोरालाही पाणबुड्याचा पोशाख घालून उतरवलं. तेच आपले जे. बी. एस. पोशाख मोठ्या माणसाचा, मनगटाशी ढिला. पाणी आत शिरत गेलं आणि पोरगं कुडकुडत वर आलं. त्याआधी एका खाणीत त्यांनी याच पोराला छताजवळ तोंड करून उभं केलं होतं आणि शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं होतं. मिथेन हलका, वर साठतो. भाषण म्हणता म्हणता पोरगा खाली कोसळला आणि जमिनीजवळच्या चांगल्या हवेत शुद्धीवर आला. आजच्या आईबापांना हे पटणार नाही, मलाही पुरतं पटत नाही. पण पोरगा तो धडा जन्मात विसरला नसणार.

१९०८ मध्ये बॉयकॉट, डॅमंट आणि हाल्डेन या तिघांच्या नावाने हे संशोधन छापून आलं.

सोन्याचं जहाज

तक्ता कागदावर चांगला असतोच. त्याची खरी परीक्षा झाली ती आयर्लंडच्या उत्तर टोकाला.

२५ जानेवारी १९१७ ची रात्र. महायुद्ध चालू. लॉरेंटिक नावाचं जहाज लफ स्विलीच्या खाडीतून कॅनडाकडे निघालं. पोटात सोन्याच्या ३,२११ विटा, युद्धसामग्रीचं बिल चुकवायला. खाडीच्या तोंडाशीच जर्मन पाणसुरुंग लागले आणि तासाभरात जहाज तळाला. ३५४ माणसं गेली. कित्येक जण तर होडीत चढलेही होते, पण थंडीने गारठून गेले.

जहाज साधारण ४० मीटर खोल पडलं होतं. ब्रिटनला सोनं हवं होतं, तेही गुपचूप. काम सोपवलं गेलं हाल्डेनच्याच डॅमंटकडे. अटलांटिकचं बर्फगार पाणी, वरून वादळं, दिसायला फारसं काही नाही. पहिल्या काही आठवड्यांत विटा मिळाल्या, पण मग तुफानाने जहाजाची हाडं मोडली. पोलादी मजले एकमेकांवर कोसळले आणि सोनं त्याखाली, वाळूत गडप झालं. पाणबुडे पत्रे कापत, पाण्याच्या फवाऱ्याने वाळू हटवत, हाताने चाचपडत राहिले. मध्ये युद्धामुळे काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. १९२४ पर्यंत ३,१८६ विटा वर आल्या होत्या!

पण मला सोन्यापेक्षा दुसरा आकडा मोठा वाटतो. पाच हजारांहून जास्त वेळा माणसं त्या भंगारात उतरली आणि एकही पाणबुडा मेला नाही. दाब पाच, म्हणजे अडीचपर्यंत, १५ मीटरपर्यंत या, थांबा. मग पुढचा थांबा. वर दोर धरून बसलेला माणूस घड्याळ बघतोय, खाली थंडीने बोटं बधिर झालेला माणूस थांबलाय. वर जावंसं वाटत असणारच. तरी थांबायचं, कारण एका डॉक्टरने हिशेब केलाय आणि तो हिशेब आधी तपासून पाहिलाय.

शेवटपर्यंत हवा

हाल्डेन यांनी पुढेही हेच केलं. १९११ मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक या डोंगराच्या माथ्यावर राहून विरळ हवेचा अभ्यास केला. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या रणभूमीवर जर्मनांनी विषारी वायू सोडला, तेव्हा सरकारने त्यांनाच फ्रान्सला धाडलं. त्यांनी क्लोरीन ओळखला आणि बचावाची साधनं शोधताना घरच्या कोठीत स्वतः तो हुंगला. खाण अभियंत्यांच्या संस्थेने या डॉक्टरला आपला अध्यक्ष केलं. पंच्याहत्तरीत ते इराण-इराकला गेले, तेलाच्या कारखान्यांतल्या कामगारांना उष्माघात का होतो ते बघायला. तिथून परतल्यावर न्यूमोनिया झाला आणि मार्च १९३६ मध्ये ऑक्सफर्डला ते गेले. आयुष्यभर श्वासाचा अभ्यास केलेला माणूस फुप्फुसाच्या आजाराने गेला.

लेकाने वारसा सोडला नाही. १९३९ मध्ये थेटिस ही पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात बुडून ९९ जण मेले, तेव्हा जे. बी. एस. स्वतः दाबकोठीत शिरले.

आज स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांतल्या स्कापा फ्लोमध्ये जगभरातून हौशी पाणबुडे येतात. जून १९१९ मध्ये जर्मन आरमाराने तिथे स्वतःच आपली जहाजं बुडवली होती, त्यातल्या काही महाकाय युद्धनौका अजून तळाशी आहेत. पाणी इतकं थंड की अंग कोरडं ठेवणारा पोशाख लागतो. या लोकांच्या मनगटावर घड्याळासारखा कॉम्प्युटर असतो. किती थांबायचं ते तो सांगतो. हाल्डेनच्या आकड्यांत नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, दोनास एक हे गुणोत्तर सगळीकडे तसंच लागू पडत नाही हेही कळलं, गटांची संख्या वाढली. पण कॉम्प्युटरच्या पोटातली मूळ कल्पना अजून तीच आहे.

आमचा डबा

आता शेवटचं. यंदा आमच्या चौघांच्या ग्रुपने प्रोजेक्ट म्हणून विहिरीत सोडायचा वायुमापक घेतला. एक सेन्सर कार्बन मोनॉक्साइडचा, एक ऑक्सिजनचा, बॅटरी, भोंगा, आणि सगळं एका जाळीच्या डब्यात. फार मोठं संशोधन नाही. कॅलिब्रेशनने मात्र रडवलं. आकडा दिसणं आणि तो खरा असणं यात किती अंतर आहे, ते तेव्हा कळलं.

दिवाळीत डबा घेऊन मामांकडे गेलो. त्यांना म्हटलं, चला. ते नाही म्हणाले, मग थोड्या वेळाने मागे आलेच. विहिरीत कुणी उतरणार नव्हतं. इंजिन दोरखंडाने आतल्या टप्प्यावर सोडलं, थोडा वेळ चालवलं, वरूनच बंद केलं. मग एका दोरीला आमचा डबा बांधला आणि दुसऱ्या दोरीला मामांचा तोच कंदील. दोन्ही बरोबर खाली सोडले.

थोड्याच वेळात भोंगा वाजायला लागला. कंदील शांतपणे पेटत होता.

मामा काठावर वाकून कितीतरी वेळ त्या ज्योतीकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. घरी जाताना एवढंच विचारलं, असा डबा करायला किती पैसे लागतात, आणि गावात आणखी दोनतीन होतील का?

मित्रहो, खोलात उतरणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. सालदार, सफाई कामगार, खाणकामगार, पाणबुडा. उतर असं सांगणारे उद्या आपण असू, हातात डिग्री घेऊन. तेव्हा आपण सोडलेला कंदील नेमकं काय मोजतो, एवढं आधी तपासून घेऊ या.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी